जुन्या बाजारातून जेजुरीला

पुण्यात राहून ज्याने जुना बाजार पाहिला नाही, त्याने पुण्याचे दिवाणखाने तेवढे पाहिले, माळे पाहिले नाहीत असे मी म्हणेन. लक्ष्मी रोडवर पुणेकर काय विकत घेतो ते दिसते; जुन्या बाजारात त्याने काय टाकून दिले ते दिसते, आणि माणसाची ओळख कशावरून अधिक पटते हे सांगायला नकोच. शिवाजीनगरहून डेंगळे पूल ओलांडावा, कुंभारवेशीशी यावे, आणि तेथून मंगळवार पेठेच्या बाजूला वळावे. रविवार आणि बुधवार हे बाजाराचे वार. पितळी कुलुपे आणि किल्ल्या (बहुधा एकमेकांच्या नव्हेत), एकाच पायाचे बूट, बंद पडलेली घड्याळे, राणीच्या छापाचे खरेखोटे रुपये, शिलाईयंत्रांचे पाय, करवती, पाने, पकडी, कुणाच्या तरी आजोबांची फ्रेममधली तसबीर, आणि या सगळ्यांतून वाट काढीत पुढे गेले की लोखंडाचे राज्य सुरू होते. तेलकट गोणपाटावर गिअर, चेनी, कार्ब्युरेटर, दिव्याच्या वाट्या आणि मोटारसायकलींचे सर्व अवयव मांडलेले असतात. ज्या रविवारची ही हकीकत, त्या रविवारी मी तेथे गेलो होतो तो शॉकअप शोधायला.

शॉकअप हा शब्द मी मराठीचा अध्यापक असूनही जाणूनबुजून लिहितो आहे. ‘शॉक अॅब्सॉर्बर’ या जोडशब्दाचे मधले सगळे सांधे निखळवून आमच्या मेस्त्रींनी हे सुटसुटीत रूप बनवले. आमच्यापैकी कुणाला हे काम दिले असते तर त्याने ‘धक्काशोषक’ असे काही केले असते, आणि मग त्या शब्दानेच धक्का बसला असता. गॅरेजमध्ये जाऊन ‘माझ्या दुचाकीचे धक्काशोषक निकामी झाले आहेत’ असे म्हणून पाहा. पोऱ्या चहा आणायला निघून जाईल.

गाडी आमच्या अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. १९८४ सालची बुलेट, साडेतीनशे सी. सी. ची. अण्णा २०१२ साली गेले तेव्हा घरात वाटण्यासारखे फारसे काही नव्हते. भावाने घड्याळ घेतले, मी गाडी घेतली. तेव्हापासून दर मार्गशीर्षात आम्ही दोघे तिच्यावरून जेजुरीला जात असू. खंडोबा आमचे कुलदैवत. चंपाषष्ठीची गर्दी ओसरली की पुढच्या रविवारी पहाटे निघायचे, असा नेम होता. तो २०२२ साली मोडला.

त्या वर्षीच्या जुलैत, पावसात, पाण्याने भरलेला एक खड्डा मला दिसला नाही. पुढचे चाक त्यातून निभावले. मागचे चाक आत गेले, शॉकअप दाबले गेले ते तळाला जाऊन लोखंडावर लोखंड आदळले, आणि तो सगळा दणका मागे बसलेल्या सौभाग्यवतींच्या माकडहाडाने सोसला. खड्ड्याला दोष देणे सोपे होते आणि पुण्यात तो कुणालाही पटला असता. पण खरे सांगायचे तर उजव्या शॉकअपमधून तेल गळते आहे, हे मला मे महिन्यापासून ठाऊक होते. रोज सकाळी गाडीखालच्या फरशीवर रुपयाएवढा काळा डाग पडत असे आणि तो मी कॉलेजला जाण्यापूर्वी चपलेने पुसत असे. परीक्षेचे पेपर तपासून झाले की पाहू, सुट्टी लागली की पाहू, असे करीत पावसाळा आला. हे मी घरी सांगितले नव्हते. तिला ते कळले असावे असे मला वाटते, कारण तिने त्याबद्दल कधी विचारले नाही.

डॉक्टरांनी सहा महिने दुचाकी बंद सांगितली. सहा महिने संपले, वर्ष संपले, दुसरेही संपत आले. चालणे, जिने, स्वयंपाक सगळे पूर्ववत झाले. बुलेटवर मात्र ती बसली नाही. मार्गशीर्षात ती एस. टी. ने जेजुरीला गेली आणि मी गाडीवरून. दोघे निरनिराळ्या वाटांनी येऊन पायथ्याशी भेटलो. लग्नानंतर नवऱ्याने नवरीला उचलून ज्या गडाच्या पायऱ्या चढायच्या, तेथे अशा रीतीने पोचणे मला फार चमत्कारिक वाटले. दुसऱ्या वर्षी मीही एस. टी. ने गेलो. मेहुण्याने तर गाडीला गिऱ्हाईकही आणले होते.

‘विकू नका,’ ती म्हणाली, ‘पण मला बसायला सांगू नका.’

गाडी दुरुस्त करायची एवढे त्या दिवशी ठरले. कशी, ते आमच्या मेस्त्रींनी ठरवले. हे गृहस्थ सत्तरीच्या घरातले, अण्णांच्या वेळेपासूनचे. त्यांचे म्हणणे असे, की जुन्या पद्धतीचेच नवे शॉकअप बाजारात मिळतील, पण त्यांत आणि गळक्यांत वर्षाभराचेच अंतर. त्यापेक्षा त्याच घराण्यातल्या पुढच्या पिढीचे, गॅसवाले, चांगल्या स्थितीतले जुने जोड शोधू. ‘सर, आजोबाला नातवाचा चष्मा लागतो कधी कधी,’ ते म्हणाले. हा दाखला मला पटला नाही, पण योजना पटली.

येथे या यंत्राविषयी थोडे सांगितले पाहिजे. एके काळी बहुतेक मोटारसायकलींचे मागचे चाक चासीला घट्टच जखडलेले असे. स्प्रिंगा असत त्या फक्त बसणाऱ्याच्या खोगिराखाली. इंग्लंडात रेडिच येथल्या रॉयल एनफील्डच्या कारखान्याने १९४८ साली जी नवी बुलेट शर्यतींत उतरवली, तिचे मागचे चाक झोक्यासारख्या हलत्या दांड्यावर टांगलेले होते आणि त्याला दोन्ही बाजूंनी तेलाचे शॉकअप होते. तेव्हाच्या कसलेल्या स्वारांना हा नाजूकपणा वाटला. शर्यतींनी त्यांचा समज बदलला. १९५५ साली मद्रासेत ‘एनफील्ड इंडिया’ स्थापन झाली, आणि तिरुवोत्तियूरच्या कारखान्यातून निघणाऱ्या बुलेटींनी तीच मांडणी पुढे कित्येक दशके जवळजवळ जशीच्या तशी वागवली. म्हणूनच आजोबा आणि नातू यांचे अवयव पुष्कळदा जुळतात. पुष्कळदा म्हणजे नेहमी नव्हे, हे पुढे कळेलच.

शॉकअपात कामे दोन आणि करणारे दोन. खड्ड्याचा धक्का स्प्रिंग झेलते, पण ती फक्त तो उसना घेते. पुढच्या क्षणी परत करते. नुसती स्प्रिंग असेल तर गाडी बेडकासारखी उड्या मारीत राहील. आत नळीत तेल असते आणि त्या तेलातून बारीक छिद्रांचा दट्ट्या वरखाली होतो. त्या घर्षणात धक्क्याचे रूपांतर उष्णतेत होते आणि तो खरोखर संपतो. लांब वाईट रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावून पाहा, कोमट लागेल. जुन्या शॉकअपात तेलाबरोबर हवाही असते. खूप हादरे बसले की दोन्ही घुसळून फेस होतो, आणि फेसाला जोर नसतो. गॅसवाल्यात दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो, त्या दाबाने तेलाचा फेस होत नाही. मात्र तो कुणी कापू, तापवू किंवा उघडू नये. दाबाखालची वस्तू आहे ती. २००९ साली ‘क्लासिक’ नावाची जी बुलेट निघाली तिला असे गॅसचे जोड आले. तिचे मागचे चाक सुमारे ८० मिलिमीटर वरखाली होते, आणि स्प्रिंग कमीजास्त आवळायला शॉकअपवर पाच खाचांची कडी असते. आम्हाला हवे होते ते हे.

तर जुना बाजार. सकाळी आठलाच मेस्त्री आणि मी तेथे हजर. मेस्त्रींच्या हातात शिंप्याची टेप, खिशात एक छोटे भिंग आणि तोंडात एक अक्षर नाही. बाजारात तोंड बंद ठेवणे हा अर्धा सौदा, असे ते मानतात. मी मात्र पहिल्याच गोणपाटापाशी हरखलो. नव्या गाडीचा अख्खा पुढचा चिमटा तेथे पडला होता. फोर्कचे दोन्ही पाइप, चाक, डिस्क ब्रेक, सगळे जोडलेले. क्रोम लखलखीत. आणि भाव ऐकून तर मी खिशात हातच घातला. मेस्त्रींनी माझा हात धरला. ते उकिडवे बसले आणि पाइपावरून तर्जनी हळूहळू वरून खाली फिरवू लागले, वैद्याने नाडी पाहावी तशी. खालच्या कड्याच्या जरा खाली बोट थांबले. ‘इथे हात लावा, सर.’ मी लावला. क्रोमवर केसासारखी एक सुरकुती लागली. डोळ्यांना दिसत नव्हती.

‘गाडी कुठली?’ मेस्त्रींनी विकणाऱ्याला विचारले.

‘अॅक्सिडेंटची आहे, चाचा. खोटं कशाला बोलू.’

चाकाच्या आऱ्यांत एक काळा गोंडा अजून अडकलेला होता, दृष्ट लागू नये म्हणून बांधतात तसा. गाडीवर कोण होते, त्याचे काय झाले, हे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते. विचारले नाही. विकणाऱ्यालाही ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. बाजारातला हा सगळा माल कुठून येतो याचा विचार मी तोवर केलाच नव्हता. सुस्थितीतल्या गाडीचा चिमटा कोण विकेल? मेस्त्री पुढे गेले होते. मी त्यांना गाठल्यावर ते एवढेच म्हणाले, की वाकलेला पाइप दाबयंत्रावर सरळ करून मिळतो, दिसायला सरळ होतोही, पण लोखंड विसरत नाही.

दुसऱ्या एका जागी तर जवळजवळ कोरे शॉकअप होते. बुशाच्या रबराला माती लागलेली नव्हती. मेस्त्रींनी विचारले, कुठून आणले? उत्तर आले, ‘तुम्हाला घ्यायचंय का पंचनामा करायचाय?’ मेस्त्री हसले आणि उठले. स्वस्तात मिळते म्हणून ज्याचा उगम सांगता येत नाही असे घेतले, तर उद्या आपल्या गाडीचे कुलूप तुटेल तेव्हा तक्रार कुणाकडे करायची, हा त्यांचा साधा हिशेब. मी दिवसभर वर्गात नीतिविषयक कविता शिकवतो, पण त्या क्षणी माझे लक्ष त्या कोऱ्या रबराकडेच होते हे कबूल करतो.

अकराच्या सुमाराला एका म्हाताऱ्या विक्रेत्याने आमची कणव येऊन सांगितले, की तुम्हाला हवी ती चीज इथे नाही, पण हडपसरला एक पोरगा आहे, त्याने नव्या गाडीला महागडे शॉकअप लावले आणि मूळचे घरी पडले आहेत. संध्याकाळी आम्ही तेथे. मुलगा कुठल्याशा कंपनीत संगणकावर काम करणारा. गॅलरीत, आईच्या तुळशीमागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला जोड. गाडीची पावती त्याने आपणहून दाखवली. दट्ट्याच्या दांड्यावर गंज नाही, ओरखडा नाही, तेलाचा ओलावा नाही. दाबून सोडले की दोन्ही सारख्या वेगाने परत येतात. मेस्त्रींनी टेप काढून एका डोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्या डोळ्याच्या मध्यापर्यंत माप घेतले आणि आमच्या जुन्याच्या मापाशी ताडून पाहिले. हे माप फार महत्त्वाचे. मागचा शॉकअप इंचभर लांब घातला तर गाडीची पाठ उंच होते, पुढचा चिमटा अधिक उभा होतो आणि हँडल चंचल बनते; आखूड घातला तर गाडी मागे बसते आणि वळणात जड जाते. उंचीच्या हौसेने लांब शॉकअप घालून गाड्या बिघडवणारे पुष्कळ आहेत. आमचे माप जुळले. बाराशे रुपयांना सौदा झाला. मुलाच्या आईने चहा दिला.

माप जुळले, पण भोक जुळले नाही. आमच्या चासीच्या खिळ्यापेक्षा नव्या बुशाचे भोक किंचित मोठे निघाले. अशा वेळी लोक पत्र्याची पट्टी गुंडाळून काम भागवतात. आम्ही भवानी पेठेतल्या एका बोळात लेथवाल्याकडे गेलो. पलीकडे कसब्यात तांबट आळीत तांब्यावर हातोडी पडते तिचा ठेका सर्वांना ठाऊक आहे. या बोळातले संगीत निराळे, एका सुरात चाललेले, कीर्तनातल्या तंबोऱ्यासारखे. लेथवाल्याने खिळा मोजला, भोक मोजले, आणि पोलादी सळईतून चार नळकांडी कातून दिली. त्याची कसोटी साधी होती: नळकांडे अंगठ्याने ढकलून आत गेले पाहिजे, पण गेल्यावर हलवून हलता कामा नये. एक नळकांडे त्याला स्वतःलाच पसंत पडले नाही, ते त्याने टोपलीत टाकले आणि दुसरे केले. त्याचे पैसे घेतले नाहीत. टोपलीत असे बरेच काही होते.

पुढच्या चिमट्याचा प्रश्न राहिला. डिस्क ब्रेकचा मोह मला अजून होता. पण जुन्या बुलेटचा चेहरा म्हणजे तिचे कॅस्केट, हेडलाइट आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे चिमुकले दिवे ज्यात बसवलेले असतात ते ओतीव शिर. फोर्कचे पाइप वरून त्यातच आट्यांनी बसतात. परक्या गाडीचा चिमटा लावायचा तर ते शिर काढून ठेवावे लागते. अण्णा दर दसऱ्याला त्या दोन दिव्यांना कुंकू लावत. मी मेस्त्रींना म्हणालो, पाइप आहेत तेच राहू देत. त्यांनी पाइप काढून दुकानाच्या जाड काचेवर गडगडवले. काच आणि पाइप यांच्यामधून कुठे उजेड दिसला नाही. सरळ होते. मग नवी सीले, आणि त्याच घराण्यातल्या पुढच्या गाडीच्या किंचित जाड तारेच्या स्प्रिंगा. तारेची जाडी ही मोठी फसवी बाब आहे. बाकी सर्व तेच ठेवून सहा मिलिमीटरऐवजी सात मिलिमीटरची तार घेतली तर स्प्रिंग थोडी नव्हे, जवळजवळ ८५ टक्के अधिक कडक होते, कारण जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो. आणि स्प्रिंग मऊ व्हावी म्हणून जे तिचा तुकडा कापतात त्यांची तर गंमतच. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग अधिक कडक होते. म्हणून आम्ही अगदी थोडाच फरक पत्करला. तेल मात्र खास फोर्कचेच घातले. आजवर त्यात इंजिनचे उरलेसुरले तेल जात असे.

कायद्याचेही पाहिले. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये नोंदणीपत्रातील तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. आम्ही इंजिन, चासी, सांगाडा यांपैकी कशालाही हात लावलेला नव्हता. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी ताजी करावी लागते, तेव्हा तेथल्या साहेबांनाही गाडी अण्णांचीच दिसायला हवी होती.

आता शेवटची जुळवणी. माणसे बसल्यावर गाडी मागे एकूण हालचालीच्या साधारण एक-तृतीयांश बसावी. म्हणजे ८० मिलिमीटरांपैकी सुमारे पंचवीस. त्याहून कमी बसली तर शॉकअप दगड, जास्त बसली तर खड्ड्यात पुन्हा लोखंडावर लोखंड. हे मोजायला मागे कुणीतरी बसायला हवे. कुणाला सांगणार? मी पन्नास किलोचे गव्हाचे पोते सीटवर बांधले, स्वतः पुढे बसलो, आणि मेस्त्रींनी टेप लावली. कडी तिसऱ्या खाचेवर ठेवून माप बरोबर आले. सौभाग्यवती गॅलरीतून पाहत होत्या.

‘मी पन्नास किलोची नाही,’ त्या वरून म्हणाल्या.

मेस्त्रींनी माझ्याकडे न पाहता कडी चौथ्या खाचेवर नेली.

त्यानंतर आठवडाभर ते पोते घेऊन मी कात्रज, सिंहगड रस्ता, खडकी असा हिंडलो. सिग्नलला लोक विचारीत, गहू कुठे निघाला? मुद्दाम वाईट रस्ते शोधले. पुण्यात ही सोय मुबलक आहे. पोते एकदाही उडाले नाही. रविवारी सकाळी मी जेजुरीला निघालो तेव्हा ती दारात उभी, डोक्यावर हेल्मेट, हातात खोबरे-भंडाऱ्याची पिशवी. ‘फुरसुंगीपर्यंत येते,’ म्हणाली. ‘तिथून एस. टी. मिळते.’

हडपसरपर्यंत दोघेही बोललो नाही. मी इतका सावकाश चालवीत होतो की एका दूधवाल्याने सायकलवरून आम्हाला मागे टाकले. फुरसुंगीच्या थांब्याशी मी गाडी बाजूला घेऊन उभा राहिलो. एक एस. टी. आली, थांबली, गेली. ‘काय झाले?’ ती मागून म्हणाली. ‘काही नाही,’ मी म्हणालो, आणि गिअर टाकला. वडकी मागे पडले. दिवे घाटाच्या तोंडाशी खाली मस्तानी तलावाचे पाणी चकाकत होते. याच घाटाने आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी चढते. अण्णांची बुलेट चढावर आपल्या संथ ठोक्यात चालू लागली, आणि वळणावर तिचे मागचे चाक रस्त्याला धरून राहिले. मधे एक खड्डा मला दिसला तेव्हा चुकवायला उशीर झाला होता. मी पाठ ताठ केली. चाक आत गेले, वर आले, आणि गाडी एकदाच खालीवर होऊन शांत झाली. खांद्यावरचा हात आवळला होता तो थोड्या वेळाने सैल झाला. सासवडला आम्ही चहा घेतला.

जेजुरीला पायथ्याशी गाडी लावली. मी शॉकअपला हात लावून पाहिला, कोमट होते. ती हेल्मेट काढीत म्हणाली, ‘डाव्या बाजूचा कुरकुरतो आहे. सासवडनंतर सुरू झालं.’

मला ऐकू आले नव्हते. परत येताना मी कान देऊन ऐकले; खरेच कुरकुरत होता, खालचा बुश. बुधवारी मेस्त्रींना घेऊन पुन्हा त्या बोळात लेथवाल्याकडे गेलो.